श्रवणयंत्र घेतले, पण सासरे ते लावत नाहीत : समुपदेशनाचा उपयोग होईल का?

सातारकर_सून : माझे सासरे ७४ वर्षांचे असून निवृत्त शिक्षक आहेत. दोन्ही कानांची तपासणी करून आम्ही यंत्रे घेतली, परंतु दुकानात ती कानात बसवून देण्यापलीकडे आणि सेल कसा बदलायचा हे दाखवण्यापलीकडे कोणी काही सांगितले नाही. आता ‘भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, मशीन शिट्टी मारते’ असे म्हणून अण्णांनी ती कपाटात ठेवली आहेत. सासूबाई ओरडून बोलतात आणि त्यावरून रोज वाद होतो. अशा वेळी समुपदेशन घ्यावे का, आणि त्यात नेमके काय करतात?

श्रवणतज्ज्ञ_पुणे : ताई, यात अण्णांचा हट्ट कमी आणि अर्धवट राहिलेले काम जास्त दिसते. वाढत्या वयात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे स्वर ऐकू येतात पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणूनच ‘साठ’ म्हटले की ‘आठ’ ऐकू येते, असा घोळ होतो आणि ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. ओरडल्याने मुख्यतः स्वरच मोठे होतात, शिवाय अशा कानाला मोठा आवाज फार लवकर असह्य होतो, म्हणून सासूबाईंच्या ओरडण्याने समजणे वाढत नाही, चिडचिड मात्र वाढते.

समुपदेशनाची सुरुवात अण्णांना ‘तुम्हाला काय ऐकायचे आहे?’ असे विचारून व्हायला हवी. नातवाचा फोन, भजन, बँकेतील काउंटर, जे ते सांगतील त्यानुसार प्रोग्रामिंग करता येते. बरीच वर्षे न ऐकलेले पंख्याचे, भांड्यांचे आवाज मेंदूला नव्याने ओळखावे लागतात आणि त्याला काही आठवडे लागतात, हे आधीच सांगितले असते तर यंत्र कपाटात गेले नसते. सुरुवातीला शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना थोडा वेळ लावावे आणि वेळ हळूहळू वाढवावा. लग्नाचा हॉल हा पहिला प्रयोग नव्हे. शिट्टी मात्र सोसायची गोष्ट नाही. डोम (कानात जाणारे मऊ टोक) किंवा मोल्ड (कानाच्या मापाचा साचा) नीट बसत नसेल, कानात मळ असेल, तर ती वाजते. पुन्हा जाल तेव्हा कानात यंत्र असतानाच त्याचा आवाज मोजून सेटिंग करतात का, हे जरूर विचारा.

मशीनवाले_काका : मी स्वतः दोन्ही कानांत यंत्र वापरतो. घरच्यांनीही त्या भेटीला जावे, कारण निम्मे शिकणे त्यांचेच असते : स्वयंपाकघरातून हाक मारून बोलू नये, आधी नाव घ्यावे, तोंडावर उजेड असावा, आणि कळले नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगावे. ‘जाऊ दे, तुम्हाला नंतर सांगते’ हे वाक्य बहिरेपणापेक्षा जास्त बोचते. व्यवहाराची बाब म्हणजे, सेलचा स्टिकर काढल्यावर तो लगेच न बसवता एकदोन मिनिटे हवेत राहू द्यावा, रात्री सेलचे दार उघडे ठेवावे आणि पावसाळ्यात सिलिका जेलची डबी वापरावी.

मुलुंडचा_वाचक : मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण दिव्यांगजनांची राष्ट्रीय संस्था आहे, तेथे तपासणी आणि मार्गदर्शन दोन्ही मिळते. उत्पन्न कमी असलेल्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते, हे इतर वाचकांसाठी लिहीत आहे.

सातारकर_सून : सर्वांचे आभार. सवय होईपर्यंत एकाच कानात लावले तर चालेल का? अण्णा तेवढ्याला तयार होतील असे वाटते.

श्रवणतज्ज्ञ_पुणे : दोन्ही कानांत सारखाच दोष असेल, तर आवाज कोणत्या बाजूने आला हे कळायला आणि गोंगाटात बोलणे समजायला दोन्ही यंत्रे लागतात, म्हणून शेवटी जोडीच वापरायची आहे. तरीही कपाटातल्या दोनांपेक्षा कानातले एक बरे. सुरुवात तशी करा, मात्र पुढच्या भेटीची तारीख आजच घेऊन ठेवा आणि कोणता आवाज कधी त्रास देतो हे अण्णांनाच वहीत लिहू द्या. शिक्षकांना ते जमते, आणि आम्हाला सेटिंग बदलायला त्या नोंदींचा फार उपयोग होतो.