विंचू चावल्यावर बीपीची गोळी का देतात?

फाटीवाला:
गेल्या आठवड्यात गावी आईला लाल विंचू चावला. पडवीत रचलेली फाटी चुलीसाठी काढत होती, तेव्हा बोटाला. तासाभरात तालुक्याला नेलं, तोवर पोलकं घामाने चिंब, दोन उलट्या, आणि हात मात्र बर्फासारखे गार. बीपी १७०/११०. डॉक्टरांनी प्राझोसिनची गोळी दिली आणि तीन तास उठू दिलं नाही, लघवीलासुद्धा भांडं दिलं. आई आता बरी आहे. पण काका अजून बोलतायत की विंचवाची लस द्यायची सोडून बीपीची गोळी काय दिली. त्यांना नीट उत्तर द्यायचंय. घाम फुटलेला आणि अंग गार, हे एका वेळी कसं होतं? आणि ही गोळी विष उतरवते का?

निवृत्त सिस्टर, रायगड:
आईंना वेळेत नेलंत, फार चांगलं केलंत. मी ३१ वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रांत नर्स होते, म्हणून सविस्तर लिहिते.

गोळी विष उतरवत नाही. विषाने अंगात जे वादळ उठवलेलं असतं, त्याला ती आवरते. हृदयाचे ठोके, घाम, आतडी, रक्तवाहिन्यांचं आवळणं-सैलावणं हे सगळं आपल्याला न विचारता स्वायत्त चेतासंस्था चालवते. तिच्या दोन बाजू: धावपळीची अनुकंपी आणि निवांतपणाची परानुकंपी. मज्जातंतूत संदेश जातो तो सोडियमची दारं उघडून, आणि ती लगेच मिटतात. लाल विंचवाचं विष ती नीट मिटू देत नाही. मग दोन्ही बाजूंचे तंतू थांबायचं नावच घेत नाहीत. सुरुवातीला उलट्या, लाळ, घाम. लहान मुलग्यांत लिंग ताठर होतं. आया लाजून सांगत नाहीत, पण विष अंगात भिनल्याची ती खूण आहे, जरूर सांगा.

तुमच्या घामाच्या प्रश्नाचं उत्तर मला स्वतःला कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. घामाच्या ग्रंथींना जाणारे तंतू अनुकंपीच, पण त्यांच्या टोकाला ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सुटतं. रक्तवाहिन्यांपाशी सुटतं नॉरॲड्रेनलिन हे दुसरं रसायन. एकाने घाम फुटतो, दुसऱ्याने कातडीतल्या वाहिन्या आवळतात. म्हणून ओलं आणि गार, एकदम.

वाहिन्या अशा आवळलेल्या राहिल्या की हृदयाला फार जोर लावावा लागतो, ते थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी आठ वर्षांचा एक मुलगा रात्रभर मंत्र घालून पहाटे आणला होता. तोंडाला गुलाबी फेस होता. तो वाचला नाही. त्याच्या आईचा पदर अजून डोळ्यांसमोर येतो.

प्राझोसिन वाहिन्यांवरची अल्फा-१ ग्राहीस्थानं, म्हणजे नॉरॲड्रेनलिन जिथे बसून वाहिनी आवळतं त्या जागा, अडवतं, वाहिन्या सैल होतात, हृदयावरचं ओझं उतरतं. महाडजवळ बिरवाडीच्या केंद्रात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे आपल्याच कोकणातल्या रुग्णांवर दाखवून दिलं. गंभीर रुग्णांतले मृत्यू ४० टक्क्यांच्या आसपास होते, ते १ टक्क्यावर आले. २०२२ ची पद्मश्री त्यांना मिळाली तेव्हा मी देवापुढे दिवा लावला होता.

काकांचंही अगदी चूक नाही. ते ज्याला लस म्हणतात ते प्रतिविष आहे, आणि ते प्राझोसिनच्या जोडीला दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, हेही बावस्करांनीच २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. पण म्हणून गोळी थांबवायची नाही.

कापूसपट्टा:
सिस्टर, आमच्याकडे यवतमाळला फवारणीची विषबाधा झाली की ॲट्रोपिन देतात. घाम, लाळ तिथेही असतेच. मग विंचवाला तेच का नाही चालत?

निवृत्त सिस्टर, रायगड:
दादा, फवारणीच्या ऑरगॅनोफॉस्फेट औषधांमुळे ॲसिटिलकोलिन मोडणारं विकरच (एन्झाइम) बंद पडतं, ते साचत जातं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि छाती पाण्याने घरघरते. तिथे ॲट्रोपिनच जीव वाचवतं, छाती मोकळी होईस्तोवर देत राहतात. विंचवात खरा मारेकरी पुढचा, अनुकंपीचा जोर. ॲट्रोपिनने परानुकंपीचा लगाम सुटतो आणि आधीच धावणारं हृदय आणखी धावतं.

मधली आळी:
बाबा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतात. रात्री लघवीला उठले की चक्कर येते. हे त्यातलंच का?

निवृत्त सिस्टर, रायगड:
हो ताई, तीही अल्फा अडवणारीच. उभं राहिलं की पायांतल्या वाहिन्यांनी आवळून रक्त वर ठेवायचं असतं, तिथे या गोळीने त्या ढिल्या पडतात. बाबांना खाटेच्या कडेला दोन मिनिटं बसून मग उठू द्या, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. फाटीवाले, तुमच्या आईंना भांडं दिलं ते याचसाठी. पहिल्या गोळीनंतर उभं केलं तर बीपी एकदम कोसळतो.

फाटीवाला:
काकांना सगळं वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं. आता विचारतायत, डॉक्टर येऊन येऊन आईच्या पायाचे तळवे का चाचपत होते?

निवृत्त सिस्टर, रायगड:
तळवे कोमट आणि कोरडे झाले, हातावरच्या शिरा पुन्हा दिसायला लागल्या, की वाहिन्या सुटल्या. तोवर ठरलेल्या वेळी पुढची गोळी द्यायची. आम्ही रात्री कंदील जवळ धरून तेच बघत बसायचो.