अर्धशिशीसाठी चार महिने पथ्य चालू आहे, आता नारळ पण सोडू का?

माडाखाली (मालवणजवळ)
नमस्कार मंडळी. वय ३९, अर्धशिशी बारा वर्षांपासून. उजवी बाजू ठणकते, मळमळतं, उजेड सहन होत नाही. कोल्हापूरला न्यूरोकडे दाखवलं, एमआरआय नॉर्मल, रोज रात्री घ्यायची गोळी दिलेली पण दिवसभर झोप यायची म्हणून दोन आठवड्यांत बंद केली. मग व्हिडिओ बघून एकेक खाणं सोडत गेले, आधी दूध-दही, मग गहू, टोमॅटो, वांगं, आंबवलेलं नको म्हणून आंबोळी, मग सुकट, खारा बांगडा, चहा तर एका दिवसात बंद, आणि आता दोन महिने सकाळचा नाश्ता पण नाही, सोळा तास उपाशी. सात किलो वजन उतरलंय. परवा ताटात नुसती पेज आणि मीठ बघून सासूबाई म्हणाल्या, "गो, तू खातस तरी काय आता?" आणि मला रडूच आलं. डोकं मात्र महिन्यात दहा-बारा दिवस दुखतंच. आता एक जण म्हणतात नारळ सोड. इथे राहून नारळ सोडायचा म्हणजे कालवण, सोलकढी सगळंच गेलं. कोणी करून बघितलंय का?

खाडीपलीकडे (गुहागर)
ताई, नारळ राहू दे, आधी तो सोळा तासांचा उपास सोडा. मी पण गहू सोडून बसलो होतो पाच महिने. मग बायकोने कालनिर्णयवर लाल पेनाने डोकेदुखीचे दिवस मांडायला सुरुवात केली, बाजूला जेवणाची आणि झोपेची वेळ. दोन महिन्यांनी बघितलं तर लाल फुल्या बहुतेक संकष्टीला, एकादशीला आणि ज्या दिवशी पहाटेची एसटी पकडून रत्नागिरीला जायचो त्या दिवशी. म्हणजे पोट रिकामं, झोप अर्धी आणि वर ऊन. गव्हाचा काही संबंध नव्हता. आता सकाळी आठच्या आत घावणे नाहीतर भाकरी खातोच. डोकं अजून दुखतं, खोटं कशाला सांगू, पण महिन्यात तीन-चारदा.

वेंगुर्ल्याची लेक
एक विचारू? दुखल्यावर गोळ्या किती दिवस घेता? माझं तिथेच चुकत होतं. साधी दुखण्याची गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि कॅफिन घातलेली मिक्स गोळी किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीचीच खास गोळी) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. मी पथ्यावर पथ्य करत होते आणि पर्समधली स्ट्रिप आठवड्याला संपत होती, त्याकडे कोणाचं लक्षच नाही. आणि चहा असा एकदम तोडला की त्याने पण काही दिवस डोकं उठतं, सवय असली तर रोज ठरल्या वेळी एक-दोन कप बरा.

बंदरावरचा
माशांबद्दल एवढंच की बांगडा, तारली, सुरमई बर्फाशिवाय पडून राहिली की हिस्टामिन (डोकं उठवू शकणारं रसायन) तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, तेव्हा मासा ताजा बघून घ्या, मासे सोडायची गरज नाही. दुसरं म्हणजे अर्धशिशीच्या आदल्या दिवशीच काहींना जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं. मग आपण खातो आणि दोष त्या खाण्याला देतो, पण दुखणं तर आधीच सुरू झालेलं असतं. एका वेळी एकच गोष्ट सोडा, महिनाभर बघा, फरक नाही तर परत खा. आणि ती रात्रीची गोळी! तिचा गुण दिसायला सहा-आठ आठवडे लागतात, झोप येत असेल तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. दोन आठवड्यांत सोडलीत याचंच मला वाईट वाटतंय. आणि कधी एकदम विजेसारखी भयंकर कळ आली, हात-पाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

माडाखाली
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता स्ट्रिपा मोजल्या, गेल्या महिन्यात मिक्स गोळी चौदा दिवस घेतलीय, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना पण नाही. सोमवारची कोल्हापूरची गाडी बघतेय, कॅलेंडर सोबत नेईन. उद्या सकाळी उठल्यावर आंबोळी करते, नारळाच्या चटणीबरोबर.