मदत हवी आहे: विशेष शाळेत थेरपी फक्त वहीत होते, लेखी तक्रार कशी करू?

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पायांत ताठरपणा, प्रमाणपत्रावर 70 टक्के. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो आणि तो इथल्या अनुदानित विशेष शाळेत जातो. जिल्हा आणि शाळा मुद्दाम लिहीत नाही. वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, मुलांना जीव लावतात, हे आधीच सांगते.

प्रश्न फिजिओचा आहे. शाळेत भौतिकोपचार तज्ज्ञाचं पद मंजूर आहे, माणूस नेमलेला आहे. पण मुलांना हात लावला जात नाही. आठवड्यातून कधीतरी ते येतात आणि सह्या करून जातात.

हे ऐकीव नाही. महिनाअखेरीस थेरपीची वही पालकांच्या सहीसाठी घरी येते. रोजच्या रकान्यात 'स्ट्रेचिंग 30 मि., उभं राहण्याचा सराव 15 मि.', सगळं एका बैठकीत लिहिल्यासारखं, एकाच पेनाने. बेंदराला शाळेला सुट्टी होती, आम्ही माझ्या माहेरी होतो. त्या तारखेलाही 30 मिनिटं स्ट्रेचिंग झालंय आणि पुढे सही आहे! तो तापाने घरी झोपून होता त्या दिवसांतही तेच. मी पानांचे फोटो काढून ठेवलेत आणि वहीवर सही केली नाही.

मुलगा उंच होतोय. हाडं वाढतात त्या वेगाने ताठर स्नायू वाढत नाहीत, म्हणून नेमकं याच वयात ताण देणं चुकवायचं नसतं. मागच्या वर्षी एएफओ (पाऊल आणि घोटा सरळ धरणारा प्लास्टिकचा आधार) घातला की त्याची टाच टेकायची. आता टेकत नाही. पोटरी दगडासारखी लागते, पाय एएफओत बसवावा लागतो आणि काढल्यावर घोट्यावर लाल वळ दिसतो. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढलाय. मी घरी रोज करतेच, पण तो कळवळून पाय आखडतो तेव्हा एकटीला गुडघा सरळ धरून पाऊल वर दाबणं होत नाही.

मुख्याध्यापकांना भेटले. आधी "बघतो" म्हणाले. मग "कितीतरी शाळांत हे पदच रिकामं आहे, तुम्हाला निदान माणूस तरी आहे." शेवटी "पटत नसेल तर दुसरी शाळा बघा." दुसरी शाळा जिल्ह्याच्या गावी, एसटीने दीड तास. या मुलाला घेऊन रोज?

मला कुणाची नोकरी घालवायची नाही. मुलाला जे कागदावर मिळतंय ते प्रत्यक्ष मिळावं एवढंच हवंय. तक्रार आधी कुणाकडे करायची, वकील लागतो का, आणि तक्रार गेल्यावर शाळेत मुलाला त्रास होऊ नये म्हणून काय करावं? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद:

ताई, माझी मुलगीही विशेष शाळेत होती, बसच्या मदतनिसावरून आम्ही तक्रार केली होती. वकील लागत नाही.

पहिला अर्ज शाळेला आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्यांना, किंवा तुमच्याकडे दिव्यांग शाळांचं काम ज्यांच्याकडे असेल त्यांना. दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "ठेवून जा, साहेब बघतील" असं म्हणतीलच. अर्जात 'दुर्लक्ष होते', 'मनमानी चालते' असले शब्द नकोत. तारीख, वहीत काय लिहिलंय, प्रत्यक्ष काय होतं. बेंदराची नोंद सगळ्यात आधी घाला, त्याला कुणाकडे उत्तर नाही. मागणीही नेमकी लिहा: थेरपी कुठल्या वारी, किती वेळ, आणि मुलाची तपासणी शाळेबाहेरच्या फिजिओकडून. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या तपासणी आणि थेरपीचं सरकारी केंद्र) असेल तर तिथला अहवाल जोडा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतची मुलं येतात.

त्याच दिवशी माहितीचा अधिकार. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, आपल्या राज्याचा तसा नियम आहे. त्या तज्ज्ञांचं हजेरीपत्रक आणि तुमच्याच मुलाच्या थेरपी नोंदी मागा. उत्तराला मुदत 30 दिवसांची.

तिथे हललं नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 80 खाली ते तक्रारीची चौकशी करतात. कलम 82 ने त्यांना साक्षीदार बोलावायला आणि कागदपत्रं मागवायला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली तर काय कारवाई केली हे संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावं लागतं, पटली नसेल तर कारणं द्यावी लागतात. आणि "दुसरी शाळा बघा" याला घाबरू नका. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क कलम 31 देतं. हे वाक्य अर्जातच टाका.

एक वेगळी गोष्ट. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना काढली आहे का? सेरेब्रल पाल्सी तिच्यात बसते, वर्षाला 1 लाखापर्यंत संरक्षण आहे आणि थेरपीच्या खर्चाचीही सोय आहे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पोटरी थांबणार नाही, बाहेर थेरपी सुरू करा आणि पावत्या जपा.

धागाकर्ती:

खूप आभार. निरामयचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आणखी दोघींच्या वह्यांतही बेंदराची नोंद आहे, फोटो मिळाले. एक जण सही करायला तयार आहे, दुसरी घाबरतेय, तिची मुलगी बोलू शकत नाही, वर्गात काही झालं तर घरी सांगणार कोण? सगळ्यांनी एकत्र अर्ज द्यावा की वेगवेगळे?

प्रतिसाद:

वेगवेगळे द्या, एकाच दिवशी. प्रत्येक मुलाची गरज वेगळी, आणि एकीने माघार घेतली तरी बाकीचे अर्ज उभे राहतात. घाबरतात त्यांच्यावर जोर करू नका, त्यांच्या वहीचा फोटोही त्यांना विचारल्याशिवाय जोडू नका.

धागाकर्ती:

ठीक आहे, तिचा फोटो काढून टाकते. सोमवारी जिल्हा परिषदेत जातोय. आवक क्रमांक मिळाला की इथे लिहीन.