एमसीएफ-७ पेशींतला ॲपॉप्टोसिस कसा दाखवू? मदत हवी आहे

नाशिकला एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय. वायनरीतून आणलेल्या द्राक्षबियांचा अर्क एमसीएफ-७ या स्तनकर्करोगाच्या पेशींवर ४८ तास देते. एमटीटीमध्ये (जिवंत पेशींचं प्रमाण रंगावरून मोजणारी चाचणी) जिवंत पेशी स्पष्ट घटतात, पण त्या ॲपॉप्टोसिसने (पेशीचा ठरलेल्या क्रमाने होणारा आत्मनाश) मरतात की नेक्रोसिसने (इजेमुळे फुटून मरणं), हे एमटीटीवरून कळत नाही.

डीएनए लॅडर करून पाहिला, १.८ टक्के अगॅरोज जेलवर; ॲपॉप्टोसिसमध्ये डीएनएचे ठरावीक लांबीचे तुकडे होऊन जेलवर शिडीसारखे दिसतात. १८०-२०० बेसपेअरच्या पायऱ्या दिसत नाहीत, वर एक जाड पट्टा तेवढा राहतो. एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ (ॲपॉप्टोसिसमध्ये डीएनएचे तुकडे घडवून आणणारं एन्झाइम) नसतं, त्यामुळे हे अपेक्षितच म्हणायचं, आणि कॅस्पेज-३ चं किट घेण्यातही अर्थ नाही. अक्रिडीन ऑरेंज-इथिडियम ब्रोमाइड या चमकणाऱ्या रंगांनी पेशी रंगवून पाहिल्यात: काही पेशी आकसलेल्या, केंद्रकाचे चमकदार हिरवे-नारिंगी तुकडे झालेले. मला ते पटतं, पण गाईड मॅडमना आकडे हवेत.

आमच्याकडे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आहे, फ्लो सायटोमीटर (रंगवलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) नाही. तो पुण्यात मिळेल, पण प्रवास पाचेक तासांचा. ॲनेक्सिन-पीआय (ॲपॉप्टोसिस सुरू झालेल्या आणि पडदा फाटलेल्या पेशी वेगळ्या दाखवणारी रंगांची जोडी) रंगवल्यावर तासाभरात वाचावं लागतं आणि आधी पेशी फिक्स करता (रसायनाने आहे तशा टिकवता) येत नाहीत. ७० टक्के इथेनॉलमध्ये फिक्स करून सब-जी१ (तुकडे होऊन डीएनए कमी झालेल्या पेशींचं प्रमाण) साठी नेता येतील, पण डीएनएचे तुकडेच नीट होत नसतील तर तो आकडा कमीच येणार ना? बजेट एकाच किटचं आहे.

ज्यांनी एमसीएफ-७ वर प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा: कव्हरस्लिपवरच ॲनेक्सिन-पीआय रंगवून मायक्रोस्कोपखाली पेशी मोजल्या तर परीक्षक मान्य करतात का, की कॅस्पेज-७ ने तुटलेल्या पार्पचा (डीएनए दुरुस्त करणारं प्रथिन) वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन ओळखण्याची चाचणी) करावा?