पैसे साठेपर्यंत थांबायचं, की बाळाला घेऊन आधी निघायचं?

मुक्ता_क
एका मैत्रिणीमुळे विषय डोक्यात आहे. बाळ सात महिन्यांचं, बाळंतपणात नोकरी सुटली. नवरा हात उगारत नाही, पण तिच्या कार्डाचा ओटीपी त्याच्या फोनवर येतो, डायपरच्या पाकिटाचाही हिशोब द्यावा लागतो आणि चार लोकांत तिला 'आयतं खाणारी' म्हणतो. सगळे सांगतात, आधी पैसे साठव, मग नीघ. मला हा सल्लाच पटत नाही. सगळ्या नाड्या त्याच्या हातात, तर साठणार काय? वर्षाने ती तिथेच असेल, नोकरीतली गॅप मात्र वाढलेली. राहायला खात्रीची जागा मिळाली की निघावं.

उंबरठा
बोलायला सोपं आहे. नोकरीसाठी आधी पाळणाघर लागतं आणि पाळणाघरासाठी आधी पगार. हा पेच कसा सोडवणार? पोटगी मिळेल म्हणाल, पण अर्ज केल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतचे महिने काढायचे कसे? माझ्या ओळखीतली एक जण तडकाफडकी निघाली आणि पैसे संपल्यावर परत गेली. आता घरात उठताबसता ऐकते, 'गेली होतीस ना, काय झालं?' त्यापेक्षा थांबून तयारी केलेली बरी. बाळाला एवढ्यात काय कळतंय?

दोन_मुलांचा_बाप
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. पहिल्या वर्षात दोघांचीही झोप उडालेली असते. बाळंतपणानंतरचं नैराश्य आईला येतं, बापालाही येऊ शकतं. आधी डॉक्टर, समुपदेशक, मग वकील.

मुक्ता_क
झोप झाली नाही म्हणून कुणी बायकोचे ओटीपी स्वतःकडे वळवून घेत नाही हो. तिला नैराश्य असेल तर डॉक्टर हवाच, पण निघाल्यावरही दाखवता येतं.

@उंबरठा, बाळाला कळतं. २०१३ साली अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा ते बारा महिन्यांच्या झोपलेल्या बाळांना रागीट आवाज ऐकवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. ज्यांच्या घरी भांडणं जास्त, त्यांच्या मेंदूतल्या ताणाशी निगडित भागांत प्रतिसाद जास्त दिसला. त्यावरून बाळ कायमचं बिघडतं असं मी म्हणत नाही. पण 'झोपलंय, चालू द्या' हेही खरं नाही.

सल्लाकेंद्रवाली
विभक्त होणाऱ्या बायकांसोबत काम करते. मला दोघींचंही अर्धंच पटतं.

पैशावरचा असा ताबा हाही छळच. आणि असा माणूस आजवर हात उगारत नव्हता म्हणून जातानाही उगारणार नाही, असं धरून चालू नका. बाई निघतेय हे कळतं तेव्हा आणि त्यानंतरचे काही आठवडे धोका वाढतो. म्हणून आधी जाहीर करू नये. फोनचं लोकेशन, कॉमन पासवर्ड, दुसऱ्या कुठल्या डिव्हाइसवर उघडं राहिलेलं चॅट, सगळं तपासावं. पण घरात असेपर्यंत पासवर्ड एकदम बदलले तर त्याला संशय येतो, हेही लक्षात ठेवावं. बाळाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, ओळखपत्रं, बँक स्टेटमेंट यांच्या प्रती विश्वासातल्या माणसाकडे द्याव्यात. खातं दुसऱ्या बँकेत काढावं, तेही नवऱ्याचा फोन नंबर न जोडता. एकत्र कर्जावर सही असेल तर घर सोडल्याने ते सुटत नाही.

आणि बाळाला नेण्याआधी वकिलाला एकदा विचाराच. न सांगता नेलं, हे ताब्याच्या दाव्यात उलटवता येतं. मागे ठेवून गेलात तर तेही अंगाशी येतं. यातलं बरंचसं बिनपैशांचं आहे, वर्ष लागत नाही. मात्र जिवाची भीती वाटली तर यादीबिदी सोडा, बाळ उचला आणि निघा.

उंबरठा
जिवाच्या भीतीबद्दल वादच नाही. माझा प्रश्न मुक्ताताईंना आहे. ती 'खात्रीची जागा' किती दिवस खात्रीची? पाहुणी म्हणून पंधरा दिवस कुणीही ठेवतं. रात्री रडणाऱ्या बाळासकट सहा महिने ठेवाल का, हे तोंडावर विचारलंय का कुणी? हो म्हणाले असतील तर मी माझं म्हणणं मागे घेते.

मुक्ता_क
विचारलंय. बहीण तीन महिने म्हणाली. मेहुण्यांशी अजून बोलणं झालेलं नाही.

उंबरठा
मग आधी ते बोलणं होऊ द्या.