स्पॅनिशमधील ‘प्रोपिओ’: ‘स्वतःचा’ की ‘खुद्द’?

अभ्यासिका: नमस्कार. स्पॅनिश वाचताना ‘प्रोपिओ’ या विशेषणापाशी मी वारंवार अडखळते. शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ ‘स्वतःचा’ असा दिला आहे आणि ‘कोन मिस प्रोपिओस ओखोस’, म्हणजे ‘माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी’, येथे तो चपखल बसतो. मात्र ‘एल प्रोपिओ रेइ लो दिखो’ या वाक्यात राजा नेमका कोणाचा, हे कळत नाही. आणि ‘एस प्रोपिओ दे ला एदाद’ यात तर मालकीचा मागमूसही नाही. या अर्थांना जोडणारे काही सूत्र आहे का? शिवाय मराठीत जेथे ‘आपला’ येतो, तेथे स्पॅनिशमध्ये दर वेळी ‘प्रोपिओ’ वापरावे का?

व्याकरणप्रेमी: सूत्र आहे. हा शब्द लॅटिनमधील ‘प्रोप्रिउस’पासून आला असून ‘ज्याचे त्याचे, इतर कोणाचे नव्हे’ हा त्याचा गाभा आहे. जे एखाद्याचेच असते ते त्याचे वैशिष्ट्य ठरते, म्हणून ‘प्रोपिओ दे ला एदाद’ म्हणजे ‘त्या वयात स्वाभाविक असलेले’. ‘नो एस प्रोपिओ दे एया’ याचे मराठी मी ‘हे तिच्या स्वभावात बसत नाही’ असे करीन. व्याकरणातील विशेषनामाला ‘नोंब्रे प्रोपिओ’ म्हणतात, तेही याच न्यायाने.

राजाच्या वाक्यात मालकी शोधू नका. नामाच्या आधी ‘एल’ (इंग्रजी ‘द’सारखे उपपद) आणि ‘प्रोपिओ’ आले, की मराठीतील ‘खुद्द’ आठवावा: ‘खुद्द राजानेच ते सांगितले.’ उलट, षष्ठीचे सर्वनाम नसताना विशेषण नामानंतर आले, तर मालकी ठळक होते. ‘तिएने कासा प्रोपिआ’ म्हणजे त्याचे स्वतःचे घर आहे, तो भाड्याने राहत नाही. लिंग-वचनानुसार रूप बदलते, हे आपण जाणताच.

अनुवादक: आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि मराठी भाषकाने याच ठिकाणी सर्वांत जास्त जपायला हवे. ‘त्याने आपली गाडी विकली’ आणि ‘त्याने त्याची गाडी विकली’ यांत मराठी फरक करू शकते. स्पॅनिशमधील ‘सू’ (त्याचा, तिचा) मात्र दोन्हींकडे तसाच राहतो आणि गाडी कोणाची हे संदर्भावरून ठरते. म्हणून साध्या विधानासाठी ‘बेंदिओ सू कोचे’ एवढेच पुरेसे आहे. त्यात ‘प्रोपिओ’ घातले, की ‘दुसऱ्याची नव्हे, चक्क स्वतःची गाडी विकली’ असा जोर येतो. हा जोर किंवा संदिग्धता टाळण्याची खरी गरज असेल, तरच तो शब्द वापरावा. अवयवांच्या बाबतीत तर बहुधा ‘सू’सुद्धा लागत नाही: ‘मे लाबो लास मानोस’, म्हणजे ‘मी हात धुतो’. आपण दिलेल्या डोळ्यांच्या उदाहरणात ‘मिस प्रोपिओस’ शोभते, कारण तेथे ‘ऐकीव नव्हे, प्रत्यक्ष पाहिले’ हे ठासून सांगायचे असते.

अभ्यासिका: मनःपूर्वक आभार. मग ‘सू प्रोपिआ माद्रे लो देनुन्सिओ’ या वाक्यात ‘सू’ आणि नाम यांच्यामध्ये आलेला ‘प्रोपिआ’ मालकीचा समजावा की ‘खुद्द’चा?

अनुवादक: दोन्ही छटा तेथे एकत्र नांदतात. ‘खुद्द त्याच्या आईनेच त्याच्याविरुद्ध तक्रार केली’ हे भाषांतर मला सर्वांत जवळचे वाटते. ‘सख्ख्या आईने’ असे म्हटले, तर सावत्र आईशी तुलना सूचित होते आणि ती मूळ वाक्यात नाही. विशेषणाचा रोख आई ‘कोणाची’ यापेक्षा ‘तिनेसुद्धा असे केले’ या धक्क्यावर आहे.

व्याकरणप्रेमी: एक भर घालतो. ‘एन देफेन्सा प्रोपिआ’ (स्वसंरक्षणार्थ) आणि ‘पोर क्वेन्ता प्रोपिआ’ (स्वतःच्या जबाबदारीवर; कामाच्या संदर्भात, नोकरी न करता स्वतंत्रपणे) हे प्रयोग ठरीव आहेत, त्यांतील शब्दक्रम बदलू नये. ‘इसो लो प्रोपिओ’ म्हणजे मात्र ‘त्यानेही तेच केले’. बातम्यांत हा प्रयोग वारंवार भेटतो आणि तेथे ‘स्वतःचे काम केले’ असा अर्थ घेतला, तर पुढचा सगळा परिच्छेद चुकीचा वाचला जातो.