'लिबर्टस'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न
रोमन समाजावरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय आणि 'लिबर्टस'पाशी अडलोय. म्हणजे मालकाने रीतसर स्वातंत्र्य दिलेला गुलाम. 'मुक्त गुलाम' लिहिलं तर बायको म्हणाली, "मुक्त आहे तर गुलाम कसा?" 'विमुक्त' चालेल? की 'दासमुक्त'?

उत्तर
'विमुक्त' नको. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तेव्हापासून त्या शब्दाला आपल्याकडे ठरलेला अर्थ आहे : त्या कायद्यातून सुटलेल्या जमाती. वाचकाला रोमऐवजी जातीचा दाखला आठवेल. आणि 'दासमुक्त' हा तर 'हागणदारीमुक्त'चा भाऊ : जिथे दास उरले नाहीत असं गाव! 'दास्यमुक्त' म्हणा. एका य-काराने काम होतं.

दुसरं उत्तर
'दास्यमुक्त' बरा आहे, पण अर्धाच अर्थ देतो. लॅटिनमध्ये दोन शब्द आहेत. समाजातला एक वर्ग म्हणून बोलायचं तर 'लिबर्टिनस'. 'लिबर्टस' मात्र कायम कुणाचा तरी असतो. थडग्यांवरचे लेख बघा. जन्मतः स्वतंत्र माणसाच्या नावात बापाच्या नावाचं आद्याक्षर आणि पुढे 'एफ', म्हणजे मुलगा. सुटका झालेल्याच्या नावात त्याच जागी जुन्या मालकाचं आद्याक्षर आणि 'एल'. मालकीण असेल तर उलटा कोरलेला 'सी'. रोमन वक्ता सिसेरो याचा लेखनिक टिरो इ.स.पू. ५३ मध्ये मुक्त झाला आणि मार्कस टुलियस टिरो झाला, म्हणजे धन्याचंच नाव लावू लागला. माणूस सुटला, पण षष्ठी विभक्ती काही सुटली नाही. म्हणून वर्गासाठी 'दास्यमुक्त' आणि व्यक्तीसाठी 'सिसेरोचा मुक्तदास' असं मी लिहीन.

प्रश्नकर्ता
पण मग मालकाचा फायदा काय? नुसती दया?

दुसरं उत्तर देणारा
दया कधीकधी असेलही. पण हिशोब पक्का होता. गुलामाला स्वतःची पुंजी जमवू देत, तिला 'पेक्युलियम' म्हणत. (मूळ शब्द 'पेकुस', म्हणजे गुरं. आपण पशुधन म्हणतोच की.) कायद्याने ती पुंजीही मालकाचीच, तरी तीच मोजून गुलाम आपली सुटका विकत घेई. वर किमतीच्या ५ टक्के कर सरकारला. सुटल्यावरही ठरलेले दिवस जुन्या मालकाचं काम करायचं, त्याचा मान राखायचा, आणि निपुत्रिक मेला तर वारशावर मालकाचा हक्क. स्वतःला सरकारी पदं बंद, पण सुटकेनंतर झालेली मुलं पूर्ण नागरिक. बहुधा त्यासाठीच ही माणसं एवढा घाम गाळत असावीत.

आणखी एक
मग मालकाचा जो 'पॅट्रोनस' होतो, त्याला 'आश्रयदाता' फार संस्कृत वाटतो. शब्द 'पाटेर', म्हणजे बाप, यावरून आलाय. 'मायबाप' कसा वाटतो? सकाळी आश्रित दारात जमून सलाम करायचे, तो सरळ मुजराच. त्यांना मिळायची 'स्पोर्टुला', मूळ अर्थ छोटी टोपली. आधी खाणं, पुढे रोख २५ अॅस (तांब्याची नाणी). तिला 'शिधा' म्हणता येईल. रोख मिळू लागल्यावरही टोपलीचंच नाव राहिलं, हे मला फार आवडतं. 'क्लायन्स'ला, म्हणजे त्या आश्रिताला, मात्र 'अशील' नको, वाचक थेट कोर्टात जाईल. (आता कोर्टात त्यांची बाजू पॅट्रोनसच मांडायचा, ही गोष्ट वेगळी.)

उत्तर
मुजरा आणि शिधा मस्त. 'मायबाप'ला आपल्याकडे उपरोधाचा वास आहे, 'मायबाप सरकार' आठवा. गंभीर लेखात 'पोशिंदा' बरा. आणि गुलामीच्या शब्दांसाठी पेशवाईतले कागद वाचा. 'बटीक', 'कुणबीण' हे तिथे रोजच्या व्यवहारातले शब्द आहेत. पण ते रोमला लावू नका, लगेच पुण्याचा वाडा दिसू लागतो.

प्रश्नकर्ता
ठरलं. वाक्य असं केलंय : "टिरो हा सिसेरोचा मुक्तदास. सिसेरोने त्याला इ.स.पू. ५३ मध्ये सोडला."

आणखी एक
'सोडला' नको हो. टाकून दिल्यासारखं वाटतं. 'मुक्त केला' लिहा.